केव्हिनच्या नावातला जोसेफ

मुलगा आयरिश आहे, याबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. हे आधीच स्पष्ट करतो, कारण चेंबूरच्या आमच्या सोसायटीत सध्या वेगळीच आवृत्ती फिरते आहे. माझी तक्रार एवढीच होती, की मुलाची चौकशी झालेली नव्हती.

श्रुतिकाने एका रविवारी दुपारी डब्लिनहून व्हिडिओ कॉलवर जाहीर केलं, "आई, बाबा, मी आणि केव्हिन लग्न करतोय." तोपर्यंत आमच्या घरात 'ऑफिसातला एक जण', 'ट्रेकच्या ग्रुपमधला एक जण' आणि 'घर बदलताना सामान उचलायला आलेला एक जण' अशी तीन माणसं अधूनमधून उल्लेखापुरती येऊन जात होती. ती तिन्ही माणसं एकच निघाली. मला पहिला संशय तिथेच आला.

कुंदा आधी रडली, मग हसली आणि मग त्याला भात चालतो का, असं तिने विचारलं. मी फक्त म्हणालो, "बरं. बघू."

"बघू काय, बाबा? मी बघितलंय ना त्याला. तीन वर्षं बघतेय."

"तू बघितलंस गं. चौकशी कोणी केली?"

कॉल तुटला. नेटवर्कमुळे तुटला, असं कुंदा म्हणते.

आमच्या घराण्यात चौकशीशिवाय लग्न झालेलं नाही. माझ्या वेळी कुंदाचे मामा कणकवलीहून आले आणि भाड्याने खोली बघायच्या निमित्ताने आमच्या लालबागच्या चाळीत अख्खी सकाळ फिरले. मी पितो का, ते त्यांनी पानवाल्याला विचारलं. गिरणी बंद पडल्यावर माझ्या वडिलांनी काय केलं, ते न्हाव्याला विचारलं. मी त्यांना पास झालो, आणि खोली तर त्यांना इतकी आवडली की जाताना डिपॉझिटची बोलणी करून गेले. याला म्हणतात चौकशी. आता आयर्लंडात मी कोणत्या पानवाल्याला गाठणार? केव्हिनच्या कॉर्क जिल्ह्यात आमचं कोणी नाही. कणकवलीचं नाही, आणि देवगडचंसुद्धा नाही, जे एरवी सगळीकडे असतात.

गावी रुक्मिणीआत्याला फोन केला. तिने मुलाचा धर्म, रंग, पगार काही विचारलं नाही. म्हणाली, "तेचो बापूस कोण ता आधी बघ रे. पोराचा काय, पोरगे सगळे बरेच दिसतत."

हे मला पटलं. मी श्रुतिकाला अगदी सहज वाटेल असा मेसेज टाकला: पूर्ण नाव काय त्याचं? वडील काय करतात?

उत्तर आलं: 'केव्हिन जोसेफ डोनोव्हन. वडील टॉम, गावात हार्डवेअरचं दुकान आहे, खूप गोड आहेत. बाबा प्लीज गूगल करत बसू नकोस.'

मी फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा वाचलं. मी विद्याधर गोविंद घाडीगावकर, कारण माझे वडील गोविंद. माझी मुलगी श्रुतिका विद्याधर, कारण तिचा बाप मी. जगाची रीत सरळ आहे. मग ज्याचे वडील टॉम, तो केव्हिन टॉम असायला हवा.

हा जोसेफ कोण?

"दत्तक घेतला असेल," कुंदा भाजी निवडता निवडता म्हणाली.

"मग दत्तक म्हणून सांगावं. लपवायचं कशाला?"

"नाहीतर त्याच्या आईचं दुसरं लग्न असेल. अहो, आपल्याला काय करायचंय?"

'आपल्याला काय करायचंय' असं म्हणणाऱ्या बाईने या सोसायटीत आजवर किती घरांत काय चाललंय ते मला सांगितलंय, हा विषय मी त्या वेळी काढला नाही.

शेजारच्या मार्तंड प्रभुदेसायांकडे गेलो. प्रभुदेसाई ट्रॉम्ब्याहून, अणुकेंद्रातून निवृत्त झालेत. तिथे काय करत होते, ते त्यांनी कधीही सांगितलेलं नाही. कुंदाला संशय आहे, की स्टोअरमध्ये होते. पण गुप्ततेची सवय त्यांच्यात इतकी मुरली आहे, की आज जेवायला काय होतं, हे विचारलं तरी ते आधी दार लोटून घेतात.

त्यांनी दार लोटून घेतलं. सगळं ऐकलं. डोळे मिटले.

"घाडीगावकर, जोसेफ कुठे गेला हा मुद्दा नाही. टॉम कुठून आला हा मुद्दा आहे."

"म्हणजे?"

"यापेक्षा जास्त मी सांगू शकत नाही. पण आयर्लंडची सगळी जुनी दप्तरं ऑनलाइन आहेत, फुकट आहेत. तुम्ही कॉम्प्युटर लावा, मी चहा प्यायला येतो."

आणि आमची चौकशी सुरू झाली.

पहिला झटका म्हणजे, त्या देशात जन्माच्या नोंदी शंभर वर्षं होईपर्यंत लोकांना दाखवत नाहीत. लग्नाच्या पंचाहत्तर वर्षं. म्हणजे केव्हिनचा बाप कोण हे मला कळेल, तेव्हा केव्हिनच्या मुलांची पेन्शन सुरू झालेली असेल. एवढं काय झाकायचंय यांना? दुसरा झटका म्हणजे, एकोणिसाव्या शतकातली बरीचशी जनगणना एकोणीसशे बावीस साली डब्लिनमध्ये आगीत गेली.

"जळाली?" प्रभुदेसायांनी बशीतला चहा तसाच ठेवला. "की जाळली?"

मी मान डोलावली. आपणही कचेऱ्या पाहिल्या आहेत.

वाचली होती ती एकोणीसशे एक आणि एकोणीसशे अकराची जनगणना. पण ती उघडली आणि मी त्या देशाच्या प्रेमातच पडलो. अहो, स्थळाची काय माहिती आहे! घरटी एक कागद. कुटुंबप्रमुख कोण, लिहितावाचता येतं का, धर्म कोणता, बाईला मुलं किती झाली, त्यातली जगली किती. घराच्या भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, पुढच्या अंगाला खिडक्या किती. आणि शेवटी एक रकाना: घरात कोणी आंधळं, मुकं-बहिरं किंवा वेडं आहे का? तेसुद्धा सहीनिशी. आमच्याकडे वधू-वर मंडळं वर्षानुवर्षं चालली, पण हा रकाना छापायची हिंमत एकाचीही झाली नाही.

अडचण एवढीच झाली, की श्रुतिकाने ज्या गावाचं नाव सांगितलं होतं तिथे सगळेच डोनोव्हन होते. सगळे डोनोव्हन, त्यातले निम्मे पुरुष जॉन आणि निम्म्या बायका मेरी. आणि मधली नावं त्या कागदांत बहुतेकांनी लिहिलेलीच नव्हती. बाप न लिहिण्याची प्रथा म्हणजे तिथे जुनीच असणार. अखेर एका घरात एक जोसेफ सापडला, वय वर्षं दोन. हा आमच्या जोसेफचा आजा असू शकतो, असं प्रभुदेसायांचं गणित. घराला पुढून तीन खिडक्या, गवती छप्पर, मागे गाईंचा गोठा एक, कोंबड्यांचं खुराडं एक, आणि डुकरांचे गोठे दोन.

"डुकरं?" कुंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"शंभर वर्षांपूर्वीची आहेत गं ती. आता नसतील."

"दोन-दोन गोठे लागतात म्हणजे किती असतील हो?"

डुकरांवर मी पांघरूण घातलं. पण त्याच घरातल्या आजीवर घालता येईना. ही ब्रिजेट डोनोव्हन एकोणीसशे एक साली त्रेपन्न वर्षांची होती. दहा वर्षांनी, एकोणीसशे अकरा साली, ती सत्तर वर्षांची होती. दहा वर्षांत सतरा वर्षं वाढलेली बाई मी सरकारी कागदावर प्रथमच पाहत होतो. वाढवून सांगणारी तर कुठेच पाहिली नव्हती.

"खोटारडं घराणं आहे," प्रभुदेसाई हळूच म्हणाले. "आणि तो वेडाचा रकाना बघा. प्रत्येक घरात रिकामा. अख्ख्या गावात एकही वेडा नाही? तुमचा विश्वास बसतो?"

माझा बसेना. आमच्या एका सोसायटीत मी बोटांवर मोजून दाखवतो.

पुरावा म्हणून हे कागद मी कोपऱ्यावरच्या दुकानात प्रिंट करायला दिले, तर तिथे आमचे सेक्रेटरी देवदत्त उभे. त्यांनी वरचं पान नीट वाचून घेतलं. संध्याकाळी लिफ्टमध्ये म्हणाले, "घाडीगावकर, मूळ तिकडचं निघतंय म्हणे तुमचं? हल्ली आजोबा आयरिश निघाले की पासपोर्ट मिळतो. चांगलं आहे. फक्त फ्लॅट काढायच्या आधी सोसायटीची एनओसी लागेल, मेन्टेनन्स सगळा क्लिअर करून."

"माझे आजोबा परळच्या गिरणीत साचा चालवायचे."

"तेच म्हणतो मी. साहेब लोक कोण होते गिरणीत?" असं म्हणून ते दुसऱ्या मजल्यावर उतरले. माझ्या दिवंगत आजीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून हा माणूस लिफ्टचं दार नीट लावायलाही थांबला नाही. त्या आठवड्यात दोन इस्टेट एजंट घर बघायला येऊन गेले.

एवढं होऊनही जोसेफचा पत्ता नव्हता. शेवटी त्या गावाच्या इतिहास मंडळाचा ईमेल मिळाला. प्रभुदेसाई म्हणाले, "स्वतःच्या नावाने लिहायचं नाही. पहिला नियम." म्हणून मी 'यज्ञेश कुळकर्णी, स्वतंत्र संशोधक' या नावाने, माझ्या मते अत्यंत सुसंस्कृत असं पत्र लिहिलं. मी डोनोव्हन घराण्यावर प्रबंध लिहीत आहे. श्री. टॉम डोनोव्हन (हार्डवेअर) यांचे चिरंजीव केव्हिन हे वस्तुतः जोसेफ नामक गृहस्थांचे चिरंजीव आहेत काय? असल्यास जोसेफ हयात आहेत काय? नसल्यास कशाने गेले? कारण आनुवंशिक असल्यास कृपया तसे कळवावे. माहिती पूर्णपणे गुप्त ठेवण्यात येईल.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. 'प्रिय श्री. कुळकर्णी, आमच्या गावावर मुंबईत प्रबंध लिहिला जातो आहे हे वाचून फार आनंद झाला. तुमचा ईमेल विद्याधर घाडीगावकर या नावाने आला आहे, तो कसा काय? आपली, नुआला डोनोव्हन, चिटणीस.'

मी घाईघाईत कळवलं, की विद्याधर घाडीगावकर हे माझे सहायक आहेत.

चिटणीसबाईंचं आडनाव डोनोव्हन आहे, याचं मला काहीच वाटलं नाही. त्या गावात डोनोव्हन नसलेला माणूस आढळला असता, तर मी सावध झालो असतो.

श्रुतिकाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून नुकताच आलो होतो. माहुलच्या रिफायनरीकडचा वास येत होता म्हणून कुंदा खिडक्या लावत होती.

"बाबा, विद्याधर घाडीगावकर तुझा असिस्टंट आहे?"

मी बूट काढायला खाली वाकलो.

"आणि तू यज्ञेश कुळकर्णी?"

"हे बघ श्रुती..."

"तू केव्हिनच्या आजीला लिहिलंस, बाबा. आजीला! नुआला त्याची आजी आहे. तिच्या मुलाबद्दल विचारलंस, की केव्हिन नक्की त्याचाच का? ते इतिहास मंडळ म्हणजे तीन म्हाताऱ्या आणि एक प्रिंटर आहे. अख्ख्या गावाला कळलंय. टॉमला दुकानात गिऱ्हाइकं विचारतायत!"

"मग हा जोसेफ कोण, ते सांग ना तू."

"कोणी नाही! तिकडे मधलं नाव बापाचं नसतं, बाबा. नुसतं नाव असतं ते!"

"नुसतं?" मी खरोखरच चक्रावलो. "मधलं नाव नुसतं कसं असेल?"

"तुला ना, माझ्यावर विश्वासच नाहीये," ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. "एकदा मला विचारायचं होतंस. मला. त्याऐवजी तू मेलेल्या माणसांना विचारत बसलास. तुम्ही लग्नाला नाही आलात तरी चालेल."

"आईसुद्धा?" मी विचारलं. कॉल तुटला. या वेळी कुंदाने नेटवर्कचं नाव काढलं नाही.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. कुंदा दुपारी फोन चार्ज करून समोर ठेवायची आणि माझ्याशी फक्त स्वयंपाकासंबंधी बोलायची. तेही कमी शब्दांत. प्रभुदेसाई जिन्यात भेटले, तर म्हणाले, "या प्रकरणाशी माझा संबंध होता, असं कुठे नोंदलं गेलेलं नाही ना?" मी लोकांवर संशय घेत होतो तोपर्यंत आयुष्य बरं चाललं होतं. आता माझा माझ्यावरच बसला, आणि तो संशय मात्र सगळ्या पुराव्यांवर टिकत होता.

मी श्रुतिकाला मेसेज केला, की त्या आजींची मला माफी मागायची आहे. निळ्या खुणा झाल्या. दोन दिवसांनी एक ओळ आली: 'रविवार, दुपारी तीन. नीट बोल.'

पडद्यावर श्रुतिका होती. तिच्याशेजारी एक उंच, लालसर, कमालीचा घाबरलेला मुलगा होता. आणि मधोमध खुर्चीत एक बारीकशी म्हातारी. पुढचं सगळं संभाषण इंग्रजीत झालं. मराठीत सांगतोय, कारण मराठीत मी जरा बरा दिसतो.

मी लिहून आणलेली माफी वाचायला घेतली. नुआलाआजींनी हात वर केला.

"मिस्टर घाडीगावकर, माझी नात लग्न करून परक्या मुलखात निघाली असती, आणि मी काही विचारलं नसतं, तर मला झोप लागली नसती. विचारलंत ते ठीकच केलंत. फक्त तुम्ही भलताच वाईट संशोधक आहात. दोन प्रश्नांची उत्तरं राहिली होती, ती देते. जोसेफ माझा धाकटा भाऊ. एकोणीस वर्षांचा असताना लंडनला बांधकामावर गेला आणि तिसऱ्या महिन्यात परांचीवरून पडून गेला. आनुवंशिक नाही."

मी कागद खाली ठेवला.

"त्याला मूलबाळ नव्हतं. कोणाच्या तरी नावात राहावा, म्हणून केव्हिनमध्ये ठेवला."

श्रुतिकाने म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला. मग कुंदाने, बाईसाहेबांना वाईट वाटू नये म्हणून असेल, विचारलं, "आणि ती ब्रिजेट? सतरा वर्षं वाढलेली?"

म्हातारी इतकी हसली, की केव्हिनने तिला पाणी दिलं. "सत्तरीला सरकारी पेन्शन नुकतीच सुरू झाली होती हो! सगळा जिल्हा म्हातारा झाला त्या वर्षी!"

हे मात्र मला तत्क्षणी पटलं. शाळेत मास्तरांनी घातलेली माझी जन्मतारीख एक जून आहे. माझ्या वर्गातल्या बहुतेकांची एक जून आहे. आई सांगायची, की मी गणपतीत झालो. एवढी जवळची माणसं आम्हाला इतक्या लांब सापडतील, असं वाटलं नव्हतं.

"आता माझा प्रश्न," नुआलाआजी म्हणाल्या. "श्रुतिकाच्या नावात विद्याधर आहे. तिच्या आईच्याही नावात आहे. आम्हाला वाटलं, तुमचा एखादा पंथ असेल. मग कळलं, की ते तुम्हीच. लग्नानंतर तिचं काय होतं?"

"आमच्यात लग्नानंतर वडिलांचं नाव जातं. तिथे नवऱ्याचं येतं."

"जातं?" म्हातारीने चष्मा वर केला. "कुठे जातं?"

मी कुंदाकडे बघितलं. हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

"आमच्याकडे मधलं नाव कुठे जात नाही," ती म्हणाली. "एकदा ठेवलं की ठेवलं."

श्रुतिका माझ्याकडे बघत होती. "आडनावाचं अजून ठरवलं नाहीये मी," ती म्हणाली, "पण विद्याधर राहणार आहे, बाबा. श्रुतिका केव्हिन वगैरे काही होणार नाहीये. रडू नकोस आता."

मी रडत नव्हतो. माहुलकडून वारा होता.

नंतर आठवडाभर मी सोसायटीत जरा ताठ चाललो. गच्चीवर, गेटवर, लिफ्टमध्ये देवदत्तांना मुद्दाम थांबवून सांगितलं, की मुलीच्या सासरी माझं नाव कायम राहणार आहे. शंभर वर्षांनी तिकडचा एखादा संशोधक कागद उघडेल आणि डोकं खाजवेल, हा विद्याधर कोण? खोदत बसेल बिचारा. देवदत्तांनी विचारलं, मग फ्लॅट नक्की कधी काढताय?

लग्नाला जायचं म्हणून आयरिश व्हिसाचे अर्ज ऑनलाइन भरायला बसलो. माझा भरून झाला. कुंदाचा भरू लागलो. घाडीगावकर त्यांच्या चौकटीत कसंबसं बसवलं. कुंदा विद्याधर, तेही टाकलं. पुढचा प्रश्न आला: यापूर्वी कधी वेगळं नाव होतं का? मी 'नाही' वर टिचकी मारली.

"नाही कसं?" कुंदा मागे उभी होती. तिच्या हातात ओलं फडकं होतं.

"अगं, त्यांना लग्नाआधीचं कशाला सांगायचं? उगाच गुंतागुंत."

"सरका जरा."

मी सरकलो. तिने हात पुसले, 'नाही' खोडून 'हो' केलं आणि एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत टाइप केलं: कुंदा भिकाजी पालव. मग मागे होऊन ते पुटपुटत वाचलं.

"तीस वर्षांत कुठेच लिहिलं नव्हतं हो," ती म्हणाली. "वडील गेले तेव्हासुद्धा पेपरातल्या निधनवार्तेत मी 'सौ. कुंदा विद्याधर' होते."

मी काहीतरी म्हणणार होतो, की ही तर रीतच आहे. पण ती म्हातारी चष्मा वर करून 'कुठे जातं?' असं विचारेल, अशी उगाच भीती वाटली.

"राहू दे," कुंदा म्हणाली. "शोधू देत आयर्लंडवाल्यांना, भिकाजी कोण ते." आणि फडकं उचलून आत गेली.

मी पडद्यावरचं नाव पुन्हा वाचलं. आमच्या लग्नात मुलीकडच्यांनी माझी इतकी कसून चौकशी केली होती. आमच्या बाजूने मात्र या बाईची कोणी फारशी केलीच नव्हती, असा मला त्या दिवशी प्रथमच संशय आला.